सूर्यमालेतील ग्रहांची ओळख : पाठ घेण्याची एक रीत



काही वर्षांपूर्वी बिलोली तालुक्यातील सीमेलगतच्या एका शाळेत मी पाचवीच्या वर्गाचा पाठ पाहत होतो. फळ्यावर सूर्य व आठ ग्रह रंगीत खडूंनी काढलेले होते. मुलांनी बुधापासून नेपच्यूनपर्यंत सर्व नावे एका सुरात म्हणून दाखविली. पाठ उत्तम झाला, असे मी मनाशी म्हणत होतो, तोच मागच्या ओळीतील एका मुलीने हात वर केला व विचारले, "गुरुजी, मंगळ जर एवढा लांब असतो, तर तो आमच्या ताईच्या लग्नाच्या आड कसा येतो?"

वर्ग हसला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. त्या प्रश्नाचे स्वागत करणे हे माझे काम होते. परंतु हा प्रश्न पाठाबाहेरचा आहे, असे सांगून मी पुढील पाठाकडे वळलो. मुलगी खाली बसली.

तो प्रश्न पाठाबाहेरचा नव्हता. ग्रहांची नावे पाठ असलेल्या सबंध वर्गात खरोखर विचार करणारी ती एकटीच होती. आपल्या मुलांना ग्रह दोन ठिकाणी भेटतात : एकदा घरी, पत्रिकेच्या व साडेसातीच्या बोलण्यात, आणि एकदा शाळेत, पुस्तकातील चित्रात. हे दोन्ही ग्रह एकच आहेत हे त्यांना कोणी दाखवीत नाही. त्यामुळे शाळेतील ज्ञान परीक्षेपुरते राहते आणि घरातील भय जन्मभर टिकते. यास्तव हा पाठ कसा घेतल्यास त्या मुलीच्या प्रश्नापर्यंत पोहोचेल, याचे विवेचन पुढे केले आहे.

पाठाचा हेतू

(१) ग्रह हे आकाशात डोळ्यांनी दिसणारे खरेखुरे गोल आहेत, याची प्रचिती देणे. (२) त्यांचे आकार व अंतरे यांची कल्पना प्रत्यक्ष मापनाने देणे. (३) ग्रहांची गती मोजता येते, आणि जे मोजता येते त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही, हे मुलांच्या मनावर ठसविणे.

पूर्वज्ञान

आरंभ वारांपासून करावा. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी ही नावे पहिलीतील मुलासही येतात. यांतील सूर्य व चंद्र वगळले असता पाच उरतात. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारे ग्रह ते हेच पाच. म्हणजे आठांपैकी पाच ग्रहांची नावे मुले शाळेत येण्यापूर्वीच शिकून आलेली असतात. सहावी त्यांच्या पायाखालची पृथ्वी. नवीन नावे केवळ दोनच सांगावयाची राहतात.

आपल्या भागातील वर्गांत घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणारी मुलेही पुष्कळ असतात. त्यांनाही बोलते करावे. मंगळाला तेलुगूत अंगारकुडु म्हणतात. आपणही मंगळवारी येणाऱ्या संकष्टीस अंगारकी म्हणतो. अंगार म्हणजे निखारा. ग्रहाच्या तांबूस रंगावरून हे नाव पडले असावे, हे मुलांच्या तत्काळ ध्यानी येते. उर्दूत मंगळाला मिर्रीख, शुक्राला जोहरा, गुरूला मुश्तरी व शनीला जुहल ही नावे आहेत. एकाच तेजाला तीन भाषांत तीन नावे मिळाली, याचा अर्थ तिन्ही भाषांच्या लोकांनी आकाशाकडे पाहिले होते.

आठ कोणते, नऊ कोणते

या ठिकाणी एक घोटाळा हमखास होतो. आपल्यापैकी बहुतेक जण विद्यार्थी असताना ग्रह नऊ होते. प्लूटोचा शोध १९३० साली लागला व तो नववा ग्रह गणला गेला. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या निश्चित झाली. प्लूटोच्या कक्षेच्या परिसरात त्याच्यासारखे इतर गोल असल्यामुळे तो त्या व्याख्येत बसेना, म्हणून त्याची गणना बटुग्रहांत झाली. तेव्हापासून ग्रह आठ.

घरातील नवग्रह मात्र निराळे. त्या यादीत सूर्य आहे, जो तारा आहे. चंद्र आहे, जो पृथ्वीचा उपग्रह आहे. राहू व केतू आहेत, जे गोलच नव्हेत. चंद्राचा मार्ग व सूर्याचा भासमान मार्ग एकमेकांस जेथे छेदतात, ते हे दोन बिंदू होत. सूर्य व चंद्र या बिंदूंपाशी आले म्हणजे ग्रहण घडते. ग्रहण हे सावलीमुळे होते, असे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. जुन्या यादीत पृथ्वी नाही, कारण ती यादी पृथ्वीवर उभे राहून केलेली होती. जुनी यादी खोटी होती असे मुलांना सांगू नये. 'आकाशात ताऱ्यांमधून सरकणारे ते ग्रह' हा तिचा अर्थ होता, आणि 'सूर्याभोवती फिरणारे ते ग्रह' हा आजचा अर्थ आहे, असे सांगावे. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांकडून तुलना करवून घ्यावी.

आकाशदर्शन

वर्गातील पाठाच्या आधी आठवडाभर मुलांना आकाश पाहावयास सांगावे. शुक्राची चांदणी गावातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. ती एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसते किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस. मध्यरात्री डोक्यावर ती कधीच नसते. असे का, हा प्रश्न मुलांपुढे टाकावा. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे. त्यामुळे तो आपल्याला सूर्यापासून फार दूर गेलेला दिसत नाही. तो सूर्याच्या फार जवळ आला की तेजात लोपतो. त्यालाच शुक्राचा अस्त म्हणतात.

ग्रह ओळखण्याच्या दोन खुणा सांगाव्यात. तारा लुकलुकतो, ग्रह बहुधा स्थिर तेजाने प्रकाशतो. तारे एकमेकांच्या संदर्भात जागा सोडीत नाहीत. ग्रह मात्र रोहिणी, मघा, चित्रा अशा तारकांच्या पार्श्वभूमीवर दिवसागणिक सरकतो. आज कोणता ग्रह कोणत्या राशीत आहे, हे घरोघरीच्या पंचांगात दिलेलेच असते. पंचांग हे मुहूर्तासाठी उघडले जाते. शिक्षकाने ते आकाशाचे वेळापत्रक म्हणून उघडावे. दर शनिवारी गुरूची जागा जवळच्या ताऱ्यांसह वहीत काढण्यास सांगितल्यास दोन-तीन महिन्यांत मुले स्वतः म्हणतील, "गुरुजी, हा सरकला!" हे वाक्य मुलाच्या तोंडून निघाले की निम्मा पाठ झाला असे समजावे. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नये, ही सूचना प्रारंभीच कटाक्षाने द्यावी.

मैदानावरील सूर्यमाला

पुस्तकातील चित्रात सर्व ग्रह एका पानावर जवळजवळ बसविलेले असतात. तसे केल्यावाचून चित्र छापता येणार नाही. परंतु त्यामुळे मुलांच्या मनात अंतराची फार चुकीची कल्पना रुजते. ती दूर करण्यास शाळेचे मैदान व गावची वाट पुरेशी आहे. प्रमाण असे घ्यावे : एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर.

साहित्य : चिंध्यांचा चौदा सेंटिमीटर व्यासाचा चेंडू (सूर्य), मापाच्या गाठी मारलेली दोरी, काठ्या, व घरातील धान्य.

चेंडू मैदानाच्या एका कडेस ठेवावा व त्यापासून पुढील अंतरांवर काठ्या रोवून प्रत्येकीस कागदावर डकवलेला दाणा लावावा.

बुध : ५ मीटर ८० सेंटिमीटर, वाळूचा बारीक कण.
शुक्र : १० मीटर ८० सेंटिमीटर, राजगिऱ्याचा दाणा.
पृथ्वी : १५ मीटर, राजगिऱ्याचा दाणा.
मंगळ : २२ मीटर ८० सेंटिमीटर, खसखशीचा बारीक दाणा.
गुरू : ७८ मीटर, काचेची लहान गोटी.
शनी : १४३ मीटर, भिजवलेला काबुली हरभरा, भोवती सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीचे कागदी कडे.
युरेनस : २८७ मीटर; ज्वारीचा टपोरा दाणा.
नेपच्यून : ४५० मीटर, ज्वारीचा टपोरा दाणा.

मंगळापर्यंतचे ग्रह मैदानातच राहतील. गुरूसाठी फाटकाबाहेर जावे लागेल, आणि नेपच्यूनसाठी बहुतेक गावांत वेशीपर्यंत किंवा शिवारापर्यंत. मुलांना तेथपर्यंत चालत न्यावे. परत वळून पाहिले असता चेंडू दिसेनासा झालेला असतो. सूर्यमालेत जागा किती रिकामी आहे, हे त्या चालण्याने जसे कळते तसे कोणत्याही आकड्याने कळत नाही.

या प्रमाणात चंद्र पृथ्वीपासून दोन बोटांच्या अंतरावर येतो. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला. म्हणजे मानवाचा अवकाशातील सर्वांत लांबचा पायी प्रवास तो दोन बोटांपलीकडचा. प्रकाश दर सेकंदास तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या मैदानावर ही गती सेकंदास तीन सेंटिमीटर, साधारण मुंगीच्या चालीइतकी भरते. सूर्याकडून निघालेली ही प्रकाशाची मुंगी पृथ्वीपाशी पोहोचण्यास आठ मिनिटे वीस सेकंद लागतात व नेपच्यूनपाशी पोहोचण्यास चार तासांहून अधिक. मग विचारावे, सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा? उत्तर : शाळेपासून सुमारे चार हजार किलोमीटरवर, भारताच्या सीमेपलीकडे.

ग्रहांची ओळख

मैदानावरून परत आल्यावर प्रत्येक ग्रहाविषयी एक-दोनच गोष्टी सांगाव्यात. अधिक सांगितल्यास एकही राहत नाही.

बुध सर्वांत लहान व सर्वांत वेगवान. अठ्ठ्याऐंशी दिवसांत सूर्याभोवती एक फेरी. शुक्र आकाराने पृथ्वीची जणू बहीण. परंतु दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणाने उष्णता कोंडून ठेवल्यामुळे तेथे साडेचारशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असते. म्हणून सूर्याला बुध अधिक जवळ असूनही सर्वांत तप्त ग्रह शुक्रच. पृथ्वीवर पाणी द्रवरूपात पृष्ठभागावर टिकून आहे. सजीवसृष्टी असलेला आपल्याला ठाऊक असलेला हा एकच ग्रह. मंगळाची माती लोहाच्या गंजामुळे तांबूस आहे. पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या फाळावर चढतो तोच हा गंज. त्याचे वर्ष ६८७ दिवसांचे.

गुरू इतका मोठा की इतर सर्व ग्रहांचे वस्तुमान एकत्र केले तरी ते त्याच्या निम्मेही भरत नाही. त्याचे चार मोठे उपग्रह गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून पाहिले; साध्या द्विनेत्रीतूनही ते दिसू शकतात. शनीचे कडे अखंड नसून बर्फाच्या व खडकांच्या असंख्य तुकड्यांचे आहे. युरेनस विल्यम हर्षलने १७८१ साली शोधला. म्हणूनच आपल्या पंचांगांत त्यास हर्षल म्हणतात. त्याचा आस इतका कललेला आहे की तो जणू आडवा लोळत चालतो. युरेनसच्या चालीत गणिताशी न जुळणारा फरक दिसू लागला, तेव्हा फ्रान्समधील लव्हेरिए यांनी त्यापलीकडे एक ग्रह असला पाहिजे असे गणित मांडले, आणि १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या जागेजवळच नेपच्यून सापडला. आधी कागदावर व मग आकाशात सापडलेला हा ग्रह. गणिताची गोडी लावण्यास याहून चांगली कथा नाही.

घरच्या गणनेचा उपयोग

आता ग्रहांच्या फेऱ्यांचा काळ सांगावा, आणि तो घरातूनच काढावा. गुरूस सूर्याभोवती फिरण्यास सुमारे बारा वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे तो एका राशीत साधारण एक वर्ष असतो. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ, आणि तेलुगू भाषकांत गोदावरीचे पुष्कर. २००३ नंतर २०१५, आणि २०१५ नंतर २०२७. आपल्या सीमेपलीकडे कंदकुर्ती येथे मांजरा गोदावरीस मिळते. त्या संगमावर पुष्करस्नानास गेलेली वडीलधारी माणसे आपल्या गावांत आहेत. मुलांनी आजीस विचारावे, "तू किती पुष्कर पाहिलेस?" आजीच्या उत्तरास बाराने गुणावे. आजीच्या आयुष्यात गुरूने सूर्याभोवती किती फेऱ्या केल्या, हे मूल त्या क्षणी मोजू लागते.

साडेसातीचेही तसेच. शनीस एका फेरीस साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यास बाराने भागले असता एका राशीत सुमारे अडीच वर्षे येतात. माणसाची रास, तिच्या मागची व तिच्या पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे, हीच साडेसाती. म्हणजे या शब्दात एक अचूक वेध दडलेला आहे. पुढे वर्गास विचारावे : बारा राशींपैकी एका वेळी तीन राशींना साडेसाती असते, तर छत्तीस मुलांच्या वर्गात किती जणांना असेल? उत्तर, सरासरीने नऊ. आणि ज्यांना आज नाही त्यांनाही तीस वर्षांत एकदा ती येतेच. जे सर्वांनाच पाळीपाळीने येते, त्यावरून एकाच माणसाचे दुर्दैव कसे ठरावे, हे मुलांना विचारावे व उत्तर त्यांच्यावरच सोपवावे.

मंगळाचा प्रश्न

आता त्या मुलीकडे वळू. ज्या मुलीस 'मंगळ आहे' म्हणतात, तिच्या पत्रिकेतील बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असतो. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एकदा फिरते. त्यामुळे मंगळ या बाराही स्थानांतून रोज एकदा फिरून गेल्यासारखा दिसतो, प्रत्येक स्थानी सुमारे दोन तास. पाच स्थाने म्हणजे दहा तास. याचा अर्थ, रोजच्या चोवीस तासांपैकी सुमारे दहा तासांत जन्मलेल्या प्रत्येक मुलास व मुलीस मंगळ असतोच. छत्तीसांच्या वर्गात सरासरीने पंधरा. आणि ही गती मंगळाची नव्हे, आपल्याच पृथ्वीच्या फिरण्याची. रात्र व दिवस ज्यामुळे होतात, त्याचमुळे एकीस मंगळ आहे व काही तासांनी जन्मलेल्या दुसरीस नाही.

यानंतर मुलांना पुन्हा मैदानावर न्यावे. मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही अंतर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर असते; आपल्या मापाने साडेपाच मीटर. राजगिऱ्याचा एक दाणा येथे, खसखशीचा एक दाणा तेथे. त्या राजगिऱ्याच्या दाण्यावर आपला देश, जिल्हा, गाव आणि ताईचे लग्न. या दाण्याने त्या दाण्यावरील लग्न का मोडावे? हा प्रश्न विचारून थांबावे.

याच मंगळाकडे भारताने यान पाठविले, हेही सांगावे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले व २०२२ पर्यंत त्याच्याशी संपर्क राहिला. त्या कामात अनेक महिला अभियंत्या होत्या. ज्या ग्रहाच्या नावाने मुलींना नाकारले जाते, त्याच ग्रहापर्यंतची वाट आखण्यात मुलींचा हात होता, ही गोष्ट वर्गातील मुलींनी ऐकलीच पाहिजे.

येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. घरातील वडीलधाऱ्यांचा उपमर्द होईल असा शब्द काढू नये, व घरी वाद घालण्यास मुलांना उद्युक्त करू नये. मुलीची आई भयापोटी उपास करीत असेल; त्या भयामागे लेकीची माया असते. आपण माया राहू द्यावी व भय कमी करावे. वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे १९७६ पासून राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. परंतु ते कर्तव्य चेष्टेने पार पडत नाही, हिशेब शिकविल्याने पार पडते.

उपयोजन व गृहपाठ

(१) शुक्र सायंकाळी दिसतो की पहाटे, हे महिनाभर नोंदवा. (२) आजी-आजोबांचे वय गुरूच्या व शनीच्या फेऱ्यांत सांगा. (३) तुमचे वय मंगळाच्या वर्षांत काढा. दिवस मोजून ६८७ ने भागा. (४) शाळेच्या सूर्यमालेतील नेपच्यूनची काठी गावात कोठे पडली, याचा नकाशा काढा. (५) पाठ ऐकून सुचलेला एक प्रश्न लिहून आणा. उत्तर आणू नका.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आलेले सर्व प्रश्न वर्गात वाचावेत. ज्याचे उत्तर येत नसेल तेथे 'शोधून सांगतो' असे म्हणावे. त्यात शिक्षकास कमीपणा नाही.

समारोप

मराठीत आकाशाची गोडी लावणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेले प्राथमिक शिक्षकच होते. शिक्षकाचे काम करीत असता त्यांनी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले, आणि १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ पंचांग, गणित व चौकस दृष्टी एवढेच प्रमुख साधन होते. ते आपल्याजवळही आहे, आणि आपल्या गावांचे आकाश शहरांपेक्षा अजून पुष्कळ काळे आहे.

येत्या सत्रात केंद्रातील प्रत्येक शाळेने मैदानावरील सूर्यमाला एकदा तरी मांडावी, अशी विनंती आहे. पाठ चालू असता मागच्या ओळीतून एखादा हात वर आला, तर माझ्याप्रमाणे पुढे जाऊ नका. खडू खाली ठेवा, त्या मुलास किंवा मुलीस उभे राहू द्या, आणि तो प्रश्न सर्व वर्गास ऐकू जाईल असा पुन्हा विचारावयास सांगा.